खिडकीची गिटार

मित्राच्या गाडीवर, घरावर किंवा नशिबावर माझा कधी डोळा नव्हता. गिटारवर मात्र होता, आणि चांगली अकरा वर्षं होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही मला नावं ठेवणारच. तेव्हा निदान एक गोष्ट तरी मी आपणहून कबूल केलेली असू दे.

ह्या मित्राला आम्ही खिडकी म्हणतो. तो ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवतो. गावातल्या अर्ध्या घरांना त्याच्या खिडक्या आहेत आणि त्यातल्या अर्ध्या अडकतात, असं मी म्हणतो. तो म्हणतो, तुझा चष्मा लावून सरकवल्या तर अडकणारच. माझं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून मी भिंग. तिसरा आमचा बेकरीवाला. तो ड्रम वाजवतो, पण पहाटे तीनला उठून पाव भाजत असल्यामुळे वाजवता वाजवताच त्याला डुलकी लागते. आमची तिघांची वयं मिळून दीडशेच्या वर जातात. दर रविवारी दुपारी यंत्रं बंद असताना आम्ही खिडकीच्या वर्कशॉपमध्ये जमतो आणि वाजवतो. ऐकायला कुणी येत नाही, म्हणूनच आमचा बँड एवढी वर्षं टिकलाय.

गिटार साधीसुधी नव्हती. रेझोनेटर म्हणतात तिला. अंग लाकडाचं, पण मधोमध भोकाच्या जागी ताटाएवढी गोल, चकचकीत जाळी. जाळीखाली पातळ ॲल्युमिनियमची एक वाटी बसवलेली. तार छेडली की ती वाटी थरथरते आणि आवाज लाकडातून न येता धातूतून येतो, खणखणीत, थोडा नाकातला, भांडायला उठल्यासारखा. शिवाय विजेची, म्हणजे वायर जोडली की स्पीकरमधून आणखी मोठ्याने भांडणार. बोटात काचेची नळी घालून ती तारांवरून घसरवली की हीच भांडखोर बाई अशी रडते की ऐकणाऱ्याने आपले सगळे गुन्हे कबूल करावेत.

आणि ती आधी मी पाहिली होती! वाद्यांच्या दुकानात मागच्या भिंतीला टांगलेली. घ्यावी की न घ्यावी ह्या विचारात मी आठवडा घालवला, आणि त्या आठवड्यात खिडकीजवळ बोलून बसलो. पुढच्या रविवारी ती त्याच्या मांडीवर होती. "तू घेणार नव्हतास ना?" असं त्याने साळसूदपणे विचारलं. मी म्हटलं, "छे!" अकरा वर्षं तो "छे" माझ्या घशात अडकलेला होता.

म्हणूनच एका बुधवारी दुपारी त्याचा फोन आला, "भिंगा, ये जरा, गिटार विकतोय," तेव्हा मी दुकानाच्या दारावर 'दहा मिनिटांत येतो' ही पाटी लावली आणि निघालो. ती पाटी आजवर एकदाही खरं बोललेली नाही.

वर्कशॉपमध्ये खिडकी एकटाच होता. भिंतीला ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या उभ्या होत्या, लाकडी घोड्यांवर काचा टेकवून ठेवलेल्या होत्या. गिटार त्याच्या मांडीवर होती आणि चेहरा असा की घरात कुणी आजारी असावं.

"काय झालं रे?"

"आवाज बसलाय हिचा," तो म्हणाला. "वरचे सूर येतच नाहीत. आधी कशी खणखणायची! आता वाजवतो तर घोंगडं झटकल्यासारखी."

"कधीपासून?"

"सहा महिने झाले असतील. तारा बदलल्या, वायर बदलली. काही उपयोग नाही. ऐक आता."

त्याने बोटात नळी घातली आणि वाजवली.

आता तुमच्यापासून काय लपवू? ती अशी वाजली की घोड्यांवरच्या काचा झणझणल्या. वरचे सूर माझ्या दातांत जाऊन बसले. अकरा वर्षांत ती इतकी छान कधी वाजली नव्हती.

खिडकी माझ्याकडे बघत होता. "सांग. पण खरं सांग हं. तुझा कान पक्का आहे म्हणून बोलावलं तुला. गेलाय ना आवाज?"

सज्जन माणूस म्हणाला असता, अरे वेड्या, काही गेलेलं नाही. माझ्यातला सज्जन माणूस तोंड उघडतच होता, पण अकरा वर्षं उपाशी बसलेल्या दुसऱ्याने त्याला कोपराने बाजूला सारलं. मी डोळे मिटले, मान वाकडी केली आणि जाणकारासारखा सुस्कारा सोडला.

"बसलाय रे," मी म्हटलं. "पार बसलाय."

"नक्की?"

"वाटी थकली असणार. धातूसुद्धा थकतो शेवटी. त्याला इलाज नाही."

हे शास्त्र मी तिथल्या तिथे तयार केलं होतं. पण खिडकीचा चेहरा असा उजळला की विचारू नका. खांदे खाली आले, श्वास सुटला, तो चक्क हसला. मला वाटलं, गिऱ्हाईक मिळालं म्हणून हसतोय. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून वहिनींनी हाक मारली, "अहो, चहा!" मग आणखी मोठ्याने, "अहो!" मग जिन्यात येऊन भांडं आपटलं तेव्हा तो म्हणाला, "चहा झाला वाटतं." मीही त्याकडे लक्ष दिलं नाही. लोभ सुटला की माणसाला समोरचं दिसत नाही, मग तो चष्मेवाला का असेना.

भाव ठरवताना तर मी कमालच केली. त्याने एक आकडा सांगितला. मी गिटारकडे दयेने पाहिलं. त्याने आपणहून कमी केला. मी म्हटलं, "घेतो रे, पण भिंतीला टांगण्यापुरती. वाजवायच्या कामाची राहिली नाही आता." त्याने आणखी कमी केला. शेवटी जुन्या सायकलच्या किमतीत तिला घेऊन मी बाहेर पडलो, आणि कोपऱ्यावर वळल्यावर भर रस्त्यात एक गिरकी घेतली. गिटारची पेटी दुधवाल्याच्या सायकलला लागली. त्याने दिलेली शिवीसुद्धा मला गोड वाटली.

घरी वायर जोडून वाजवली. बायको हातातलं काम टाकून आली.

"किती गोड वाजते हो! खिडकीभाऊजींनी दिली कशी?"

मी सगळी करामत तिखटमीठ लावून सांगितली. ती हसेल अशी माझी अपेक्षा होती. ती दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "पण त्यांना कसं कळलं नाही?"

"मूर्ख आहे तो, दुसरं काय!"

"तीस वर्षं ओळखते मी त्यांना. ते मूर्ख कधीपासून झाले?"

बायकांना दुसऱ्याच्या आनंदात मिठाचा खडा टाकायची हौसच असते, असं मनाशी म्हणून मी आवाज वाढवला.

शुक्रवारी सकाळी दुकानात एक निवृत्त मास्तर आले. ते दर वर्षी येतात आणि खुर्चीत बसायच्या आधी दर वर्षी एकच वाक्य म्हणतात. "डोळे माझे ठणठणीत आहेत हो. हल्ली हे वर्तमानपत्रवालेच शाई कमी घालतात."

ह्या वाक्यावर माझं घर उभं आहे. चाळिशी लागलेला एकही माणूस माझ्याकडे येऊन "मला दिसत नाही" असं म्हणत नाही. दिवे मंद असतात, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं बारीक असतात, सुईची भोकं लहान करायला लागलेत. दोष कायम समोरच्या वस्तूचा. मी हसतो आणि नंबर काढतो.

त्या दिवशीही हसलो. मास्तरांच्या डोळ्यांसमोर भिंग धरलं आणि हात तिथेच थांबला.

खिडकी तरी दुसरं काय म्हणाला होता? हिचा आवाज बसलाय. शाई कमी झालीय.

मग एकेक आठवायला लागलं. वहिनींच्या दोन हाका आणि आपटलेलं भांडं. वर्षभरात रविवारी त्याने स्पीकर जरा जरा करत वाढवत नेलेला. बेकरीवाल्याच्या झांजेचा ठोका त्याला हल्ली कधी कळतच नव्हता आणि आम्ही ते बेकरीवाल्याच्या झोपेवर ढकलत होतो. तीस वर्षं तो रोज आठ तास कापायच्या यंत्रापाशी उभा आहे. ते यंत्र ॲल्युमिनियम कापताना असं किंचाळतं की मी रस्त्यावरूनसुद्धा कानात बोटं घालून जातो. आणि मी, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या अशा सबबी ऐकून पोट भरलं, मी त्याला सांगून आलो होतो की होय, शाईच कमी झालीय.

"मास्तर," मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात या." आणि दारावर पाटी लावली.

मी पोहोचलो तेव्हा यंत्र चालू होतं. कानावर लावायचं झाकण खिळ्याला टांगलेलं होतं आणि त्यावर बोटभर धूळ. मी मागे उभा राहून चार हाका मारल्या. यंत्र थांबल्यावर पाचवी मारली. माझी सावली पट्टीवर पडली तेव्हा तो वळला.

"भिंगा! तुलाच फोन करणार होतो. बस, बस." तो इतका खुशीत होता की त्याने स्वतःच्या हाताने स्टूल पुसून दिलं. "तुला एक सांगायचंय. हसणार नाहीस ना?"

"नाही."

"मला वाटत होतं, माझे कान गेले."

मी स्टूलवर टेकलो.

"खरंच सांगतो. सहा महिने घाबरलो होतो रे. बायको म्हणते टीव्ही मोठा. परवा पाठीमागून मालाची गाडी आली, ड्रायव्हर म्हणतो हॉर्न देत होतो. मी म्हटलं, दिलाच नाहीस. पण आत आत भीती वाटायचीच. आमचे बाबा आठवतात ना तुला? शेवटची दहा वर्षं भरल्या घरात, माणसांत बसायचे आणि कुणी काहीही बोललं तरी नुसते हसायचे. कुणी मेल्याची बातमी सांगितली तरी हसायचे." तो थांबला. "कानाच्या डॉक्टरची वेळसुद्धा घेतली होती मी, कालची. मग म्हटलं, जायच्या आधी एका पक्क्या कानाच्या माणसाला विचारू. तो म्हणाला गिटार ठीक आहे तर आपले कान गेले, जायचं. तो म्हणाला गिटारच बिघडली तर सुटलो."

"आणि मी म्हणालो..."

"तू म्हणालास पार बसलाय!" त्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकाच्या टोकावर आला. "जीवदान दिलंस रे! वेळ रद्द केली मी. त्या रात्री सहा महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपलो."

इथे सांगायला हवं होतं. सांगायलाच तर आलो होतो. पण समोर त्याचे ते बाबांसारखे मोठाले कान, आणि कानांच्या मधे तो आनंद. मला स्वतःची इतकी लाज वाटली की लाज वाटतेय हेही सांगता येईना. मी म्हटलं, "छान झालं," आणि घरी आलो.

एक खोटं निस्तरायला दहा लागतात म्हणतात. माझं लगेच दुसरं दाराशी उभं राहिलं, कारण परवा रविवार होता. गिटार न्यावी लागणार, आणि ती वाजली की बेकरीवाला झोपेतूनसुद्धा ओरडणार, "काय वाजतेय रे!" मग सगळा ग्रंथच आटोपला असता. तेव्हा मी विचार केला, आणि उंटावरच्या शहाण्याला सुचेल तेच मला सुचलं. माझं बोलणं खोटं ठरत असेल तर गिटारलाच माझ्या बोलण्यासारखी करावी. म्हणजे तिचा आवाज खरोखरच बसवावा.

रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत तारा सैल केल्या, जाळीचे स्क्रू काढले, वाटी उचलली आणि खाली मऊ काहीतरी कोंबायला शोधू लागलो. हाताशी चष्मा पुसायची पिवळी फडकी होती. गठ्ठाच होता. एकेक करत घडी घालून दाबत गेलो. चौदा बसली. वाटी आणि जाळी पुन्हा बसवली, तारा ताणल्या, वाजवून पाहिली. गादीखाली कुणी कण्हतंय असा आवाज आला. मी खूश झालो.

वर्कशॉपमध्ये पहिलंच गाणं मी तिच्यावर सुरू केलं आणि बेकरीवाल्याने काठ्या थांबवल्या.

"हिला काय झालं रे? पडसं झालंय का?"

"बघ!" खिडकी मला म्हणाला. "आता ह्यालाही कळलं!" मग त्याचा चेहरा पडला. "पण भिंगा, इतकी वाईट वाजते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुझ्या गळ्यात मारली मी ही. असं नाही चालायचं."

"चालेल, चालेल. मला अशीच आवडते."

"अशी कुणाला आवडते? वाटी थकली म्हणालास ना? अरे, ॲल्युमिनियम हा माझा धंदा आहे. नवी वाटी करून देतो. आण इकडे."

"राहू दे रे!"

"आण म्हणतो ना."

मी गिटार छातीशी धरली. त्याने दुसऱ्या टोकाला धरली. दोन पन्नाशीचे बाप्ये लहान पोरांसारखे ओढाताण करत होते आणि बेकरीवाला ड्रमवर हळूच त्याला साथ देत होता. खिडकी दिवसभर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उचलतो, मी काचा पुसतो. गिटार त्याच्या टेबलावर गेली.

त्याने तारा सैल केल्या. जाळी काढली. वाटी उचलली आणि आत बोटं घातली.

पहिलं फडकं निघालं. पिवळं. तो बघतच राहिला. मग दुसरं निघालं, तिसरं निघालं. बेकरीवाला मोजायला लागला. सातव्याला तो हसून हसून ड्रमवर आडवा झाला. चौदावं निघालं तेव्हा खिडकीने ते उजेडात धरलं आणि मोठ्याने वाचलं. अहो, प्रत्येक फडक्यावर माझ्या दुकानाचं नाव छापलेलं होतं, खाली फोन नंबर, आणि त्याखाली लाल अक्षरांत, 'आमच्याकडे या, सगळं स्पष्ट दिसेल'. चोरी करताना स्वतःचं नाव-पत्ता चौदा वेळा टाकून जाणारा चोर माझ्याशिवाय कुणी झाला नसेल.

"हे कशाला घातलंस?" त्याने विचारलं. रागाने नाही, नुसतंच. त्याला काही कळेना.

मी फडकी गोळा करायला लागलो. त्याने खांदे उडवले, वाटी बसवली, जाळी लावली, तारा ताणल्या, वायर जोडली. बोटात नळी घातली आणि वाजवली.

काचा झणझणल्या. जिन्यात वहिनी येऊन उभ्या राहिल्या. बेकरीवाला ताठ बसला, डोळे मोठे करून ओरडला, "हां! आली बघ! आली परत!"

खिडकी त्याच्याकडे पाहत होता. मग त्याने पुन्हा वाजवली, अगदी वरचा सूर, आणि मान वाकवून कान जाळीपाशी नेला. बराच वेळ तसाच राहिला. बेकरीवाल्याचं हसू विरत गेलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

खिडकीने मान वर केली आणि मला विचारलं, "आता वाजतेय?"

"वाजतेय."

"खणखणीत?"

"खणखणीत."

"बुधवारी?"

मी खाली बघितलं. मग वाटलं, निदान ह्याच्याकडे बघून तरी बोलावं. "बुधवारीही अशीच वाजत होती. मला हवी होती म्हणून खोटं बोललो. स्वस्तात मिळावी म्हणून."

वर्कशॉपमध्ये स्पीकरची बारीक घरघर चालू होती. ती त्याला ऐकू येत होती की नाही कोण जाणे. तो तारेवर बोट ठेवून बसला होता.

"चोरा," तो शेवटी म्हणाला. शब्दात जोर नव्हता. "एकच माणूस विचारायला निवडला होता, तोही असला." मग गिटार बाजूला ठेवून तो उठला आणि जिन्याने वर गेला. वहिनी त्याच्या मागे गेल्या. मी गिटार पेटीत घातली आणि घरी आलो.

तीन दिवस त्याने माझा फोन घेतला नाही. पहिल्यांदा मला वाटलं, घंटा ऐकू येत नसेल. मग कळलं की चांगली ऐकू येतेय आणि मुद्दाम घेत नाहीये. चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "उद्या सकाळी दहाची वेळ मिळालीय. मला बरोबर नको म्हणतात. म्हणतात, चोराला बोलवा."

कानाच्या दवाखान्यात कपाटाएवढी एक खोली होती, जाड दाराची, एका बाजूला काच. खिडकी आत बसला. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. बाहेर यंत्रावर एक तरुण बाई. तिने मला शेजारची खुर्ची दिली आणि खिडकीला समजावलं, "सूर ऐकू आला, कितीही बारीक असला, तरी बटण दाबायचं. दाबलं की इथे दिवा लागतो." दार बंद झालं.

सुरुवातीला दिवा छान लागत होता. तिने कळ दाबली की दिवा, कळ दाबली की दिवा. मी खूश. मग ती वरच्या सुरांकडे गेली. तिने कळ दाबली. दिवा नाही. आणखी जोराने दिली. दिवा नाही. आत खिडकी ताठ बसून ऐकत होता, पेपर अवघड गेलेल्या पोरासारखा. मग त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं.

पंचवीस वर्षं आम्ही एकत्र वाजवतोय. गाणं कुठे वळवायचं, कुठे थांबायचं, हे मी त्याला भुवई उडवून सांगतो. तोंडाने काही बोलावं लागत नाही. तो आता माझ्या भुवईकडे बघत होता. मला तिचा हात दिसत होता, कळ कधी दाबते ते दिसत होतं. आणि त्याला ते ठाऊक होतं. त्याच्या डोळ्यांत सरळ सरळ मागणी होती. दे ना रे. नुसती भुवई उडव.

तिने कळ दाबली. खरं सांगतो, माझी भुवई अर्धी वर गेली होती. माझ्या दुकानात बायका नवऱ्यांना तक्त्यावरची अक्षरं ओठ हलवून सांगतात, आणि तो नवरा चुकीचा चष्मा घेऊन खुशीत घरी जातो आणि पायरीवरून पडतो. त्या बायकांना मी खुर्ची फिरवून बसायला लावतो.

मी उठलो, खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पाठ फिरवून बसलो. भिंतीवर हात धुवायची रीत सांगणारं चित्र होतं. मी ते पाठ होईपर्यंत वाचलं. माझ्या पाठीवर त्याची नजर होती, हे मला न बघता कळत होतं. इतकं वाईट मला त्याला फसवतानासुद्धा वाटलं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा तो घामाने भिजला होता. ती बाई त्याच्यासमोर बसली, कागदावरची उतरत जाणारी रेघ दाखवली आणि बोलायला लागली. तिचा आवाज बारीक होता. अर्ध्यात त्याने तिला हाताने थांबवलं आणि माझ्याकडे वळला. "तू सांग. ही काय म्हणाली ते सगळं सांग. गाळलंस तर बघ."

मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि मोठ्याने सांगितलं. "वरचे सूर गेलेत. दोन्ही कानांचे. यंत्राने गेलेत. परत येणार नाहीत. कान झाकल्याशिवाय यंत्रापाशी उभं राहिलास तर उरलेलेही जातील. कानात घालायचं मशीन मिळतं. त्याने पहिल्यासारखं नाही, पण पुष्कळ ऐकू येईल. बाबांसारखं होणार नाही."

"शेवटचं ती म्हणाली?"

"नाही. ते मी म्हणालो."

मग त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "आणि गिटार?"

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ऐकू येईल. सवय व्हायला दोन-तीन महिने लागतील. मी त्याला ते सांगितलं.

"मग माझी गिटार परत दे."

"काय म्हणालास?" मी म्हटलं.

"गिटार! परत दे!"

"काही ऐकू येत नाही रे," मी म्हटलं. "इथे फार गोंगाट आहे."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि मला म्हणाल्या, "काका, तुम्हीही बसा आत. तुमचेही बघून टाकते." तेव्हा खिडकी हसला, असा मोठ्याने की बाहेर रांगेत बसलेली माणसं दारात डोकावली. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. ते त्याला अर्थातच दिसलं. त्याने माझा चष्मा काढून घेतला, स्वतःच्या शर्टाला पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला, जरा तिरकाच.

गिटार मी त्याच संध्याकाळी नेऊन दिली. तो 'पैसे परत घे' म्हणत होता, ते मात्र मला ऐकू आलं नाही.